निरवानिरवीची तीस वर्षे: जावाचे आभासी यंत्र मिटते कसे?

१/ संगणकीय भाषांच्या जन्मतारखा इतिहासात काटेकोरपणे नोंदलेल्या आढळतात. २३ मे १९९५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील सनवर्ल्ड परिषदेत सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने जावा भाषा जगापुढे मांडली, हे अनेकांना ठाऊक असते. त्या भाषेतला चालू प्रोग्राम थांबतो कसा आणि थांबताना त्याच्या हातातल्या अर्ध्या कामाचे काय होते, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. तो सुमारे तीस वर्षांचा आहे आणि त्यात एका मोठ्या आश्वासनाची टप्प्याटप्प्याने झालेली माघार आहे. #थ्रेड

२/ पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९९१ मध्ये सन कंपनीत 'ग्रीन' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात जेम्स गॉसलिंग यांनी घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी एक भाषा रचली. तिचे पहिले नाव 'ओक'. तीच पुढे जावा झाली. जावाचा प्रोग्राम थेट प्रोसेसरवर चालत नाही. तो आधी बाइटकोडमध्ये रूपांतरित होतो आणि हा बाइटकोड एक आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवते. आत राहणाऱ्या प्रोग्रामला हे यंत्र म्हणजे सारे विश्व वाटते. बाहेरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी मात्र ती इतर अनेक प्रक्रियांपैकी एक प्रक्रिया असते. बंद होण्याच्या क्षणी ही दोन्ही सत्ताकेंद्रे समोरासमोर येतात.

३/ १९९६ साली जावाचा पहिला अधिकृत विनिर्देश प्रसिद्ध झाला. लेखक होते जेम्स गॉसलिंग, बिल जॉय आणि गाय स्टील. त्यातील बाराव्या प्रकरणाचा शेवटचा विभाग आभासी यंत्राच्या समाप्तीविषयी आहे. विभाग अगदी छोटा. यंत्र दोन प्रकारे थांबते, असे तो सांगतो. एक तर डेमन नसलेले सर्व थ्रेड आपापले काम संपवतात, किंवा एखादा थ्रेड 'एक्झिट' ही आज्ञा देतो आणि सुरक्षा व्यवस्थापक त्या आज्ञेला परवानगी देतो. या दोन वाक्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द पुढे वादाचा विषय ठरला.

४/ थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारी कामाची स्वतंत्र ओळ. 'डेमन' हा शब्द जुना आहे. १९६०च्या दशकात एमआयटीतील संगणक-अभ्यासकांनी पडद्याआड निमूटपणे राबणाऱ्या प्रोग्रामसाठी तो रूढ केला. त्यामागे भौतिकशास्त्रातील 'मॅक्सवेलचा डेमन' ही कल्पना होती. जावात डेमन थ्रेड म्हणजे असा सेवक, ज्याच्यासाठी यंत्र थांबून राहत नाही. मुख्य कामकरी उठले की घर बंद होते. सेवकाच्या हातात त्या वेळी काय होते, हे कोणी विचारत नाही.

५/ दुसऱ्या वाक्यातील 'परवानगी' हा शब्द त्या काळाची खूण आहे. १९९६ मध्ये जावाची ख्याती होती ती ॲप्लेटमुळे, म्हणजे वेबपानासोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्राममुळे. नेटस्केप ब्राउझरमध्ये निरनिराळ्या पानांवरून आलेले ॲप्लेट एकाच आभासी यंत्रात नांदत असत. अशा घरात कोणीही परका पाहुणा मुख्य स्विच बंद करू शकला असता, तर इतरांची कामेही त्याच्यासोबत बुडाली असती. म्हणून 'एक्झिट' म्हणणे हा अधिकार ठरला आणि तो मागावा लागे. समाप्ती हा तेव्हा प्रथम सुरक्षेचा प्रश्न होता.

६/ अर्ध्या कामाचा प्रश्न लवकरच समोर आला. एक साधे उदाहरण पुरेसे आहे. जावात फाइलमध्ये मजकूर लिहिताना बहुधा 'बफर्ड रायटर' वापरतात. तो प्रत्येक अक्षर लगेच फाइलमध्ये टाकत नाही. आधी स्मृतीत साठवतो आणि साठा भरला की एकदम लिहितो. या साठ्याचा ठरलेला आकार ८,१९२ अक्षरांचा आहे. साठा रिकामा न करता यंत्र थांबले, तर ती अक्षरे कोठेच उरत नाहीत. प्रोग्रामने 'लिहिले' म्हटलेले असते आणि फाइलमध्ये काही नसते. अक्षरांच्या जागी पैशांचे व्यवहार ठेवले, की प्रश्नाचे गांभीर्य कळते.

७/ यावर जावाचे पहिले उत्तर होते 'फायनलाइझ'. जावात वापरून झालेल्या वस्तूंची स्मृती गार्बेज कलेक्टर आपोआप परत घेतो. एखाद्या वस्तूला जाण्यापूर्वी काही आवराआवर करायची असेल, तर तिने ती 'फायनलाइझ' या पद्धतीत लिहून ठेवावी. कलेक्टर तिला योग्य वेळी बोलावील, अशी ही योजना होती. अडचण 'योग्य वेळी' या शब्दांत होती. कलेक्टर स्मृतीची टंचाई पाहून काम करतो. टंचाई भासलीच नाही, तर वस्तू तशीच राहते आणि यंत्र बंद होईपर्यंत तिची पाळी येतच नाही.

८/ १९९७ साली आलेल्या जावा १.१ मध्ये या अडचणीवर एक धाडसी उपाय उपलब्ध झाला. 'रन-फायनलायझर्स-ऑन-एक्झिट' नावाची ही पद्धत होती. ती चालू केली, की यंत्र मिटण्यापूर्वी पाळी न आलेल्या सर्व वस्तूंची आवराआवर करूनच बाहेर पडेल. जावाने समाप्तीबाबत दिलेले हे सर्वांत मोठे आश्वासन होय. तुम्ही काहीही नोंदवू नका, कोणताही क्रम सांगू नका. शेवटी यंत्र सारे पाहील, असा त्याचा आशय होता.

९/ हे आश्वासन दोन वर्षेही टिकले नाही. डिसेंबर १९९८ मध्ये जावा १.२ आली आणि तिच्यात ही पद्धत मुळातच असुरक्षित म्हणून वापरातून वर्ज्य ठरवण्यात आली. कारण तर्कशुद्ध होते. समाप्तीच्या वेळी 'उरलेल्या सर्व वस्तू' म्हणजे केवळ टाकून दिलेल्या वस्तू नव्हेत. त्यांत डेमन थ्रेड अजून वापरत असलेल्या जिवंत वस्तूही येतात. एक थ्रेड फाइलमध्ये लिहीत असतानाच दुसरा तीच फाइल कायमची बंद करू लागला, तर परिणाम अनाकलनीय होतात. कधी दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकून बसतात.

१०/ त्याच आवृत्तीत 'थ्रेड.स्टॉप' ही आज्ञाही वर्ज्य झाली. हा योगायोग म्हणता येत नाही, कारण दोन्हींमागचा दोष एकच आहे. चालू थ्रेडला बाहेरून अचानक थांबवले, की त्याने घातलेली कुलुपे उघडतात. परंतु त्या कुलुपांआड तो जी माहिती बदलत होता, ती अर्धवट बदललेली राहते. एका खात्यातून रक्कम वजा झाली, दुसऱ्यात जमा व्हायची होती, तेवढ्यात दार उघडले, असा हा प्रकार. १९९८ मध्ये जावाच्या रचनाकारांनी प्रथमच मान्य केले की समांतर कामे चालू असताना बाहेरून लादलेली समाप्ती सुरक्षित करता येत नाही.

११/ याच सुमारास जावाचा मुक्काम बदलत होता. ब्राउझरमधून ती सर्व्हरवर आली होती. तेथे शेजारच्या ॲप्लेटची भीती नव्हती. तेथे ऑपरेटिंग सिस्टिमचा हुकूम चालत होता. युनिक्समध्ये हा हुकूम सिग्नलच्या रूपाने येतो. कंट्रोल-सी दाबले की क्रमांक २ चा सिग्नल जातो. 'किल' ही आज्ञा, नाव भयंकर असले तरी, मुळात क्रमांक १५ चा सिग्नल पाठवते. ती आवरून निघण्याची सूचना असते. क्रमांक ९ मात्र कोणत्याही प्रक्रियेला अडवता येत नाही किंवा ऐकूही येत नाही. क्रमांक १५ आल्यावर जावा प्रोग्रामने आवराआवर करावी, यासाठी सर्व प्रणालींवर सारखा चालणारा अधिकृत मार्ग तोवर उपलब्ध नव्हता.

१२/ तो मार्ग मे २००० मध्ये जावा १.३ सोबत आला. त्याचे नाव 'शटडाउन हूक'. हूक म्हणजे आधी तयार करून ठेवलेला, पण सुरू न केलेला थ्रेड. प्रोग्राम तो यंत्राकडे नोंदवतो. शेवटचा साधा थ्रेड संपला, 'एक्झिट' म्हटले गेले किंवा बाहेरून क्रमांक १५ चा सिग्नल आला, की यंत्र नोंदवलेले सर्व हूक सुरू करते, ते संपेपर्यंत थांबते आणि मग मिटते. जुन्या आणि नव्या योजनेतला फरक मूलभूत होता. पूर्वी यंत्र सर्व वस्तूंची काळजी घेणार होते. आता ते नोंदवलेली मोजकी कामे तेवढी सुरू करून देणार होते.

१३/ हूकच्या रचनेतील एक निर्णय आजही नवख्यांना चकित करतो. सर्व हूक एकाच वेळी सुरू होतात आणि त्यांचा क्रम ठरलेला नसतो. सी भाषेत असे नव्हते. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेतील 'ॲटएक्झिट' नोंदवलेली कामे उलट क्रमाने करते: जे शेवटी मांडले, ते आधी आवरायचे. घर आवरण्याची हीच सहज रीत आहे. तीच रीत का स्वीकारली नाही, याचे उत्तर जावाच्या रचनाकारांनी लेखी देऊन ठेवले आहे.

१४/ त्यांचे म्हणणे असे: उलट क्रमाला अर्थ येतो तो प्रोग्राम एकाच ओळीत चालत असेल तेव्हा. अनेक थ्रेड आपापले हूक नोंदवत असतील, तर आधी कोण आणि नंतर कोण, हे त्या दिवशीच्या धावपळीवर अवलंबून राहते. अशा नोंदीच्या क्रमावरून कोणते काम कोणावर विसंबून आहे, याचा बोध होत नाही. शिवाय एकामागून एक असा क्रम सक्तीचा केला, तर परस्परांत अडकून पडण्याचा धोका वाढतो. जो क्रम यंत्राला ठाऊकच नाही, त्याचा आव त्याने आणू नये, अशी ही प्रांजळ भूमिका होती.

१५/ येथे एक मौजेची विसंगती दिसते. जावाच्या खुल्या आवृत्तीच्या आतल्या कोडमध्ये यंत्राने स्वतःच्या कामांसाठी मात्र क्रम ठरवला आहे. प्रथम कन्सोल पूर्वस्थितीत आणायचा, मग प्रोग्रामने नोंदवलेले सर्व हूक चालवायचे आणि शेवटी 'जाताना पुसा' म्हणून खूण केलेल्या फाइली पुसायच्या. हूक त्या फाइली वापरत असण्याची शक्यता असल्याने पुसण्याचे काम शेवटी येते. आपले अवलंबित्व यंत्राला ठाऊक होते, म्हणून तेथे क्रम शक्य झाला. प्रोग्रामचे अवलंबित्व त्याला ठाऊक नव्हते.

१६/ या अज्ञानाची किंमत प्रत्यक्ष वापरात मोजावी लागली. जावाच्या स्वतःच्या नोंदवही यंत्रणेचा, म्हणजे लॉगिंगचा, एक हूक असतो. तो नोंदवही मिटवतो. प्रोग्रामचा हूक त्याच वेळी 'अमुक काम अपुरे राहिले' अशी शेवटची नोंद करू पाहतो. वही आधी मिटली, तर ती नोंद हरवते. आणि नेमकी तीच नोंद दुसऱ्या दिवशी सर्वांना हवी असते. यावर स्प्रिंगसारख्या चौकटींनी साधा तोडगा काढला: यंत्राकडे एकच हूक नोंदवायचा आणि त्याच्या आत आपल्या घटकांचा क्रम आपणच पाळायचा. जो घटक दुसऱ्यावर विसंबून आहे, तो आधी आवरायचा.

१७/ क्रमबद्ध समाप्ती अशक्य असते, असा याचा अर्थ नाही. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८०च्या दशकात जन्मलेल्या अर्लांग भाषेने वेगळी वाट धरली होती. जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली. अर्लांगच्या यंत्रात प्रत्येक छोट्या प्रक्रियेची स्मृती स्वतंत्र असते आणि प्रक्रियांवर देखरेख करणाऱ्यांचा वृक्ष प्रोग्राममध्येच लिहिलेला असतो. थांबताना देखरेख करणारा आपल्या हाताखालच्यांना सुरुवातीच्या उलट क्रमाने थांबवतो. सामान्य कामकऱ्याला त्यासाठी मुळात ५ सेकंद मिळतात. तेवढ्यात तो गेला नाही, तर त्याला सक्तीने संपवले जाते. स्मृती सामायिक नसल्याने त्याच्या मरणाने दुसऱ्याची माहिती नासत नाही.

१८/ मग २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी 'क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर' हा निबंध मांडला. वीज जाणे आणि यंत्र कोसळणे कोणालाच टाळता येत नाही, त्यामुळे त्यातून सावरण्याची सोय प्रत्येक प्रणालीला करावीच लागते. तर मग नीटनेटके बंद करण्याचा दुसरा मार्ग ठेवायचाच कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. थांबणे म्हणजे कोसळणे आणि सुरू होणे म्हणजे सावरणे, एवढेच असावे. त्यांच्या पाहणीत जेबॉस हा जावा सर्व्हरही होता. तो रीतसर बंद करून पुन्हा उभा करण्यापेक्षा थेट पाडून पुन्हा उभा करणे कमी वेळात होत होते.

१९/ पुढच्या दशकात हा प्रश्न दैनंदिन झाला. २०१३ मध्ये डॉकर आणि पुढच्याच वर्षी कुबरनेटिस आले. पूर्वी महिनोन्‌महिने चालणारे सर्व्हर आता नवी आवृत्ती आली की दिवसातून अनेकदा थांबू लागले. डॉकर क्रमांक १५ चा सिग्नल देऊन १० सेकंद वाट पाहते, कुबरनेटिस ३० सेकंद. त्यानंतर क्रमांक ९. यंत्र कसे गेले, ते त्याच्या निर्गमन-अंकावरून वाचता येते. १४३ म्हणजे १२८ अधिक १५: सूचना ऐकून गेले. १३७ म्हणजे १२८ अधिक ९: मुदत संपल्यावर किंवा स्मृतीची मर्यादा ओलांडल्यावर मारले गेले.

२०/ अनेक ठिकाणी तर सूचना पोहोचतच नसे. कंटेनरमध्ये जावा एखाद्या शेल स्क्रिप्टमधून सुरू केली, तर सिग्नल त्या शेलला मिळतो आणि शेल तो पुढे देत नाही. आत हूक तयार असतात, पण त्यांना कोणी हाक मारत नाही; मुदत संपते आणि थेट क्रमांक ९ येतो. स्क्रिप्टमध्ये 'एक्झेक' हा एक शब्द घातला, की शेलची जागा जावाच घेते आणि सूचना थेट तिच्या कानी पडते. सूचना मिळाल्यावरही नव्या विनंत्या नाकारून हातातल्या पूर्ण करायची सोय हवी होती. स्प्रिंग बूटने ती मे २०२० मध्ये २.३ या आवृत्तीत अंगभूत करून दिली.

२१/ दरम्यान जुन्या आश्वासनांची अधिकृत निरवानिरव चालू होती. २०११ च्या जावा ७ मध्ये वापर संपताच फाइल बंद करणारी 'ट्राय' वाक्यरचना आली होती. आवराआवर शेवटाकडून कामाच्या मध्यावर सरकली होती. २०१७ च्या जावा ९ मध्ये 'फायनलाइझ' वर्ज्य झाले. २०१८ च्या जावा ११ मध्ये 'रन-फायनलायझर्स-ऑन-एक्झिट' काढून टाकण्यात आले. २०२२ च्या जावा १८ मध्ये फायनलाइझची सारी व्यवस्थाच भविष्यात हटवण्याचे घोषित झाले. २०२३ च्या जावा २० पासून 'थ्रेड.स्टॉप' म्हटले, तर यंत्र केवळ नकार देते.

२२/ शेवटचा क्रमांक सुरक्षा व्यवस्थापकाचा लागला. ॲप्लेट केव्हाच इतिहासजमा झाले होते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ ने हा व्यवस्थापक कायमचा निष्क्रिय केला. १९९६ च्या विनिर्देशातील 'परवानगी' हा शब्द त्यासोबत अर्थहीन झाला. आज यंत्रातील कोणतेही कोड 'एक्झिट' म्हणू शकते आणि त्याला अडवणारा अधिकारी जावात उरलेला नाही. घर एकाच कुटुंबाचे झाल्यावर दारावरचा पहारेकरी काढून टाकावा, तसे हे झाले.

२३/ या तीस वर्षांत अर्ध्या कामाची जबाबदारी शेवटच्या क्षणाकडून आधीच्या प्रत्येक क्षणाकडे गेली. जावातच लिहिलेला अपाची डर्बी हा डेटाबेस त्याची साक्ष देतो. तो प्रत्येक बदलाची नोंद आधी रोजनाम्यात करतो आणि मग मूळ जागी लावतो. त्याला रीतसर बंद करता येते; मौज अशी की रीतसर बंद झाल्याची वर्दी तो 'एक्सजे०१५' या क्रमांकाच्या त्रुटीच्या रूपाने देतो. आणि बंद करायला कोणी विसरले, वीज गेली किंवा क्रमांक ९ आला, तर पुढच्या वेळी सुरू होताना तो रोजनामा वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार लावून घेतो आणि अपुरे परतवतो. सुरू व्हायला त्याला थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच.

(समाप्त)